घरातलीच लढत: अमेरिकी प्रायमरीतले प्रतिस्पर्धी आणि त्यांचं एकमेकांशी वागणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की एकाच पक्षाचे चार-पाच उमेदवार एकमेकांची उणीदुणी काढताना दिसतात. सहा महिने जातात आणि तीच मंडळी एका मंचावर हातात हात घालून उभी असतात. हे मनोमीलन खरं किती, दिखाऊ किती, आणि मुळात भांडताना मर्यादा कुठे असावी, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय?

पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे नेत्यांनी बंद खोलीत न ठरवता मतदारांनी मतपेटीतून ठरवायचं, ती प्रायमरी. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली तसा कायदा केला. गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी तो हट्टाने करवून घेतला होता. अध्यक्षपदाच्या उमेदवारीवर मात्र पक्षातल्या वजनदार मंडळींची पकड पुढेही बरीच वर्षं राहिली. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी प्रायमरीच्या मैदानात न उतरताच डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. उमेदवारी अधिकृतपणे ठरते ते पक्षाचं अधिवेशन त्या वर्षी शिकागोत होतं. तिथे आत आणि बाहेर जो राडा झाला, त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीचा कौल निर्णायक ठरू लागला. आयोवासारख्या काही राज्यांत मतदानाऐवजी पक्षाच्या मतदारांच्या सभा भरत आल्या आहेत, त्यांना कॉकस म्हणतात. आपल्या विषयापुरतं दोन्ही एकच.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवलेली बरी. बंद खोलीत तिकीट कापलं गेलं तर नाराज होतात एक नेता आणि त्याचे दहा-वीस समर्थक. प्रायमरीत हरणाऱ्याच्या मागे लाखो मतदार असतात. त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने मत दिलेलं असतं, आणि नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत जिंकायला त्यांचीच मतं लागणार असतात. प्रतिस्पर्ध्याला तुम्ही जे बोलता ते तो एकटा ऐकत नसतो.

एकाच पक्षाचे, एकाच विचाराचे लोक. मग भांडण इतकं चिडीला का जातं?

विचार एक असतात म्हणूनच. वेगळ्या पक्षाच्या माणसाशी करांवर, आरोग्य विम्यावर, युद्धावर वाद घालता येतो. आपल्याच पक्षातल्या माणसाशी ऐंशी टक्के मुद्द्यांवर एकमत असतं. मतदाराला फरक दाखवायचा कसा? मग मुद्दा संपतो आणि माणूस सुरू होतो: याची निष्ठा खरी नाही, हा निवडून येण्यासारखा नाही, याचं वय झालं, हा सरड्यासारखा रंग बदलतो. भावकीतली भांडणं परक्याशी होणाऱ्या भांडणापेक्षा जास्त जिव्हारी लागतात, तसंच हे.

सभ्यतेने लढायचं म्हणजे टीका करायचीच नाही का?

छे. टीका नसेल तर प्रायमरी कशाला हवी? प्रतिस्पर्ध्याने घेतलेले निर्णय, दिलेली मतं, केलेले करार, बदललेली भूमिका यांवर बोलणं हा मतदाराचा हक्क पुरवणं आहे. माझी कसोटी साधी आहे. आज जे वाक्य बोलतोय, त्यानंतर चार महिन्यांनी ‘याच माणसाला मत द्या’ असं त्याच तोंडाने सांगता येईल का? ‘त्यांची करयोजना चुकीची आहे’ यानंतर तसं सांगता येतं. ‘तो देशाशी बेइमान आहे’ यानंतर सांगता येत नाही. आणि तरीही कोणी सांगितलंच, तर ऐकणाऱ्याला कळतं की दोनपैकी एकदा हा खोटं बोलला.

कठोर टीका करूनही दार उघडं राहू शकतं, याची दोन उदाहरणं. १९८० मध्ये जॉर्ज बुश (थोरले) यांनी रोनाल्ड रेगन यांच्या करकपातीच्या योजनेला ‘वूडू’ अर्थनीती म्हटलं, म्हणजे निव्वळ जादूटोणा. शब्द झोंबणारा होता, विरोधकांनी तो पुढे वर्षानुवर्षं वापरला, पण रोख योजनेवर होता. त्याच उन्हाळ्यात रेगन यांनी बुश यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडलं. दुसरं उदाहरण २७ जून २०१९ चं. मायामीतल्या डिबेटमध्ये कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना शाळांमधलं वर्णभेदी विभाजन मोडण्यासाठी चालवलेल्या बसच्या योजनेला त्यांनी केलेल्या विरोधाबद्दल धारेवर धरलं. पण तोंड उघडताच आधी म्हणाल्या, तुम्ही वर्णद्वेष्टे आहात असं मी मानत नाही. बायडन यांच्या गोटात ते वार बराच काळ ठसठसत राहिले म्हणतात. तरी पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी हॅरिस यांनाच उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतलं. ते पहिलं वाक्य नसतं तर हे इतकं सोपं झालं असतं असं मला वाटत नाही.

‘अकरावी आज्ञा’ हा काय प्रकार आहे?

बायबलमध्ये दहा आज्ञा आहेत. रिपब्लिकन पक्षाने गमतीने अकरावी जोडली: आपल्या पक्षाच्या माणसाबद्दल वाईट बोलू नकोस. ती रेगन यांच्या नावाने ओळखली जाते, पण काढली होती गेलॉर्ड पार्किन्सन यांनी. ते त्या वेळी कॅलिफोर्नियात रिपब्लिकन पक्षाचे प्रमुख होते.

ती का काढावी लागली हे १९६४ मध्ये दडलं आहे. त्या वर्षी बॅरी गोल्डवॉटर आणि नेल्सन रॉकफेलर यांच्यात उमेदवारीसाठी जी जुंपली, तिने पक्ष उभा चिरला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात रॉकफेलर बोलायला उभे राहिले तर प्रतिनिधींनी हुर्यो उडवून त्यांचं बोलणं अवघड करून टाकलं. गोल्डवॉटर यांना उमेदवारी मिळाली. मग डेमोक्रॅटिक उमेदवार लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने रिपब्लिकन नेत्यांनीच गोल्डवॉटर यांच्याबद्दल काढलेले उद्गार उचलून जाहिरातींत वापरले. आयतं कोलीत! गोल्डवॉटर यांना जेमतेम ६ राज्यं मिळाली.

दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी आली. एका बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज ख्रिस्टोफर, दुसरीकडे राजकारणात नवखे असलेले सिनेनट रेगन. पार्किन्सन यांनी आज्ञा सोडली ती या वेळी. आता जरा बारकाईने बघा, तिचा सगळ्यात मोठा लाभ कोणाला? ज्याच्यावर ‘अनुभव शून्य’ ही सर्वांत सोपी टीका होऊ शकत होती त्याला. रेगन यांनी ती आज्ञा मनापासून उचलून धरली यात नवल काय! ते प्रायमरी जिंकले, आणि नोव्हेंबरात गव्हर्नर पॅट ब्राऊन यांना जवळपास दहा लाख मतांनी हरवलं. नियम चांगला होता आणि सोयीचाही होता. राजकारणातली सभ्यता बऱ्याचदा अशीच जन्माला येते, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

रेगन यांनी स्वतः तो नियम पाळला का?

दहा वर्षं. १९७६ मध्ये ते विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध प्रायमरीत उतरले. सुरुवातीला हात राखून बोलले आणि न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा, इलिनॉय असे ओळीने हरत गेले. उत्तर कॅरोलिनात त्यांनी तो हात सोडला. पनामा कालवा आणि सोव्हिएत संघाशी चाललेला समझोता, या दोन विषयांवर फोर्ड सरकारवर तुटून पडले आणि जिंकले. तिथून लढत थेट कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत गेली. प्रतिनिधींची मतं: फोर्ड १,१८७, रेगन १,०७०. अगदी थोडक्यात हुकलं.

पण शेवटची रात्र बघण्यासारखी होती. भाषण संपवून फोर्ड यांनी सभागृहात वर बसलेल्या रेगन यांना हाताने खुणावून मंचावर बोलावलं. रेगन खाली आले, ऐनवेळी दोन शब्द बोलले, आणि ते विजेत्यापेक्षा जास्त टाळ्या घेऊन गेले. नोव्हेंबरात फोर्ड हरले. घरातल्या लढतीने त्यांना दमवलं असं म्हणणारे आहेत, आणि वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सन यांना दिलेल्या माफीमुळे ते तसेही हरणारच होते असं म्हणणारेही आहेत. मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. चार वर्षांनी रेगन अध्यक्ष झाले.

विरोधी पक्ष ते मुद्दे काढणारच असतो. मग घरच्यांनी आधी काढले तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न विचारणारे अर्धे बरोबर असतात. दुखणं आधीच बाहेर आलं तर उमेदवाराला उत्तर तयार करायला वेळ मिळतो. नोव्हेंबरात अचानक कळण्यापेक्षा मार्चमध्ये कळलेलं बरं.

उरलेली अर्धी बाजू १९८८ मध्ये दिसते. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या डिबेटमध्ये अल गोर यांनी आपलेच डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना त्या राज्यातल्या एका योजनेबद्दल विचारलं: जन्मठेपेच्या कैद्यांनाही शनिवार-रविवार सुट्टीवर सोडायचं हे काय चाललंय? प्रश्न धोरणाचा होता, गोर यांनी कुठल्या कैद्याचं नाव घेतलं नाही. रिपब्लिकन प्रचाराने तोच धागा पकडला, सुट्टीवरून पळालेल्या आणि नंतर भयंकर गुन्हा केलेल्या एका कृष्णवर्णीय कैद्याचं प्रकरण शोधून काढलं आणि रिपब्लिकन उमेदवार थोरले बुश यांच्या बाजूने त्याचा चेहरा दाखवणारी जाहिरात टीव्हीवर आली. वंशद्वेषाला खतपाणी घालणारी जाहिरात म्हणून आजही तिचं नाव निघतं. यात गोर यांचा दोष किती? माझ्या मते थोडा. खरी चूक डुकाकिस यांची होती. एप्रिलमध्ये सूचना मिळूनही त्यांनी ऑक्टोबरपर्यंत धड उत्तर तयार केलं नाही.

कुजबूज, निनावी फोन, पत्रकं यांचं काय?

इथे मर्यादेची चर्चाच संपते. हा निखळ ओंगळपणा आहे.

फेब्रुवारी २०००. न्यू हॅम्पशायरमध्ये जॉन मॅक्केन यांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मोठ्या फरकाने हरवलं होतं. पुढचा मुक्काम दक्षिण कॅरोलिना. तिथे मोटारींच्या काचांवर पत्रकं खोचली जाऊ लागली, घरोघरी फोन येऊ लागले. मॅक्केन यांना विवाहबाह्य संबंधातून एक कृष्णवर्णीय मूल आहे, असं त्यातून पसरवलं गेलं. खरं तर मॅक्केन दांपत्याने बांगलादेशातल्या अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेतली होती, आणि ती प्रचारात कुटुंबासोबत दिसायची. बुश यांच्या प्रचारयंत्रणेने यात हात असल्याचं नाकारलं. १५ फेब्रुवारीच्या डिबेटमध्ये मॅक्केन बुश यांच्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. तो राग दुसऱ्याच एका प्रसंगाचा होता: बुश यांच्या सभेत त्यांच्याशेजारी उभं राहून एका माजी सैनिकाने, मॅक्केन यांनी सैनिकांना वाऱ्यावर सोडलं, असा आरोप केला होता. आणि आरोप कोणावर? जो स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होता त्याच्यावर.

बुश ती प्रायमरी जिंकले. मॅक्केन यांनी मे महिन्यात पाठिंबा जाहीर केला खरा, पण तो औषध गिळल्यासारखा. अशा वेळी ‘आमच्या लोकांनी केलं असेल, मला माहीत नाही’ एवढं म्हणून उमेदवार सुटत नाही. त्याने त्याच दिवशी, कॅमेऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत निषेध करायला हवा.

समोरच्याने पातळी सोडली तर? आपण गप्प बसायचं?

गप्प बसू नये, पण त्याच्या आखाड्यात उतरू नये. मार्को रुबिओ यांनी २०१६ मध्ये हे करून पाहिलं. डोनाल्ड ट्रम्प त्यांना ‘छोटा मार्को’ म्हणून हिणवत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस रुबिओ यांचा संयम सुटला आणि त्यांनी भर सभेत ट्रम्प यांच्या हातांच्या आकारावरून आचरट कोटी केली. गर्दी हसली. दोन-तीन आठवड्यांत रुबिओ स्वतःच्या फ्लोरिडा राज्यात हरून बाहेर पडले. त्याआधी त्यांनी कबूल केलं होतं की त्या शेरेबाजीची आपल्या मुलांना लाज वाटली आणि पुन्हा संधी मिळाली तर तसं बोलणार नाही. ज्याची ती सवय असते त्याला ते शोभून जातं. सभ्य म्हणून मिरवणाऱ्याने तेच केलं की तो उसन्या कपड्यात दिसतो.

पण ट्रम्प टोपणनावं ठेवून, अपमान करून जिंकलेच ना?

जिंकले. हे टाळून या विषयावर बोलणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं. ‘लबाड टेड’ (टेड क्रूझ), ‘मरगळलेला जेब’ (जेब बुश) ही प्रतिस्पर्ध्यांना ठेवलेली नावं चिकटली आणि त्यांनी काम केलं. सभ्यतेने नेहमी मतं मिळतात असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

त्याची किंमत मात्र त्याच वर्षी दिसली. क्लीव्हलंडच्या अधिवेशनात टेड क्रूझ यांना भाषणाची वेळ दिली होती. ते बोलले, लोकांना ‘सद्सद्विवेकाने मत द्या’ म्हणाले आणि उमेदवाराला पाठिंबा न देताच खाली उतरले. सभागृहाने हुर्यो उडवली. प्रायमरीत ट्रम्प यांनी क्रूझ यांच्या पत्नीच्या दिसण्यावरून चिमटे काढले होते आणि वडिलांवर भलतेच आरोप केले होते. जे बायको आणि वडिलांवर घसरतात त्यांना मी सवयीने पाठिंबा देत नसतो, असं क्रूझ दुसऱ्या दिवशी म्हणाले. सप्टेंबरात मात्र त्यांनी पाठिंबा दिला. आणि ‘छोटा मार्को’ जानेवारी २०२५ मध्ये त्याच ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री झाले. सत्ता पुष्कळ अपमान धुऊन काढते. पण ती ज्यांना मिळते त्यांचेच, सभेच्या शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्यांचे नाही.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात ते खरं का?

आयोवा, जानेवारी २००४. आघाडीवर असलेले हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट यांनी एकमेकांवर जाहिरातींचा मारा केला. निकाल: जॉन केरी पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे, डीन तिसरे, गेपहार्ट चौथे. गेपहार्ट दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. दोघांपेक्षा जास्त उमेदवार असले की चिखल फेकणाऱ्याचे हातही बरबटतात आणि मतदार स्वच्छ दिसणाऱ्याकडे वळतो. दोघेच असतील तर हा हिशोब लागू होत नाही.

मतदानाची पद्धत बदलली तर वागणं सुधारतं का?

थोडंफार. मेन राज्याने जून २०१८ च्या प्रायमरीत पसंतीक्रमाने मतदान घेतलं, न्यूयॉर्क शहराने २०२१ पासून. मतदार एकच नाव न निवडता पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतो. शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. साहजिकच प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराला दुखवून चालत नाही, त्याची दुसरी पसंती हवी असते.

२०२१ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अँड्र्यू यांग शेवटच्या दिवसांत कॅथरिन गार्सिया यांच्यासोबत प्रचाराला निघाले आणि दुसरी पसंती त्यांना द्या असं आपल्या मतदारांना सांगू लागले. गार्सिया हसून सोबत चालल्या, पण परतफेड केली नाही, आपल्या लोकांना यांग यांचं नाव सुचवलं नाही. शेवटच्या फेरीत त्या एरिक अ‍ॅडम्स यांच्याकडून फक्त ७,१९७ मतांनी हरल्या. २०२५ मध्ये झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी मात्र उघडपणे एकमेकांना पाठिंबा दिला आणि ममदानी जिंकले. त्याच प्रायमरीत अँड्र्यू कुओमो यांच्याशी या दोघांची जी खडाजंगी चालली होती, ती पाहता या पद्धतीने सगळेच गोडीगुलाबीने वागू लागतात असं समजू नका. युती कोणाशी करायची आणि तुटून कोणावर पडायचं, एवढं ती ठरवते.

हरलेल्याने नेमकं काय करावं?

२००८ बघा. हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा जानेवारीपासून जूनपर्यंत लढले. ‘लाज बाळगा, बराक ओबामा’ असं क्लिंटन भर पत्रकारांसमोर कडाडल्या होत्या. ‘तू पुरेशी आवडण्यासारखी आहेस, हिलरी’ असं ओबामा डिबेटमध्ये वहीकडे बघत पुटपुटले होते, आणि ते लोकांना अजिबात आवडलं नव्हतं. ७ जूनला वॉशिंग्टनमध्ये क्लिंटन यांनी माघार जाहीर केली. मला मत देणाऱ्या सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी ‘काचेच्या छताला’ (स्त्रियांना वर जाऊ न देणाऱ्या अदृश्य अडथळ्याला) तेवढे तडे दिलेत, हे त्यांचं वाक्य गाजलं. त्या भाषणाचं कसब असं की समर्थकांना आधी त्यांच्या दुःखाची आणि अभिमानाची जागा दिली आणि मग ओबामांना मत द्या म्हणून सांगितलं, तेही एकदा उरकून नाही, पुन्हा पुन्हा.

२७ जूनला दोघांची पहिली एकत्र सभा झाली ती न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात. नावाचा अर्थच एकी. आणि प्रायमरीत तिथे दोघांनाही बरोबर १०७ मतं पडली होती! प्रचारवाल्यांची चलाखी आहे हे उघड होतं, तरी बघणाऱ्याला बरं वाटलं. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात मतांची मोजणी थांबवून ओबामांना एकमताने उमेदवारी द्या, हा प्रस्ताव क्लिंटन यांनीच मांडला.

याच्या उलट १९८०. टेड केनेडी अध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्ध शेवटपर्यंत लढले. न्यूयॉर्कच्या अधिवेशनात शेवटच्या रात्री मंचावर आले, हस्तांदोलन केलं. पण हात धरून वर उंचावलेला फोटो, जो कार्टर यांना हवा होता, तो काही मिळाला नाही. कार्टर गर्दीतून त्यांच्या मागे-मागे वळताहेत आणि केनेडी दुसऱ्यांशी हात मिळवताहेत, हे दृश्य देशाने टीव्हीवर पाहिलं.

आणि जिंकलेल्याने?

त्याची जबाबदारी जास्त, आणि ती बहुधा विसरली जाते. हरलेल्याचे लोक प्रचारात घ्यावेत, शोभेच्या पदांवर बसवू नयेत. त्याचा एखादा मुद्दा जाहीरनाम्यात उचलावा, आणि कोणाचा आहे ते सांगावं. पैशाचंही असतं: क्लिंटन यांच्या प्रचारावर दोन कोटी डॉलरपेक्षा जास्त कर्ज झालं होतं. ओबामांनी आपल्या देणगीदारांना मदत करायला सांगितलं आणि स्वतः २,३०० डॉलर दिले, कायद्याने तेव्हा एका व्यक्तीला तेवढेच देता येत होते. डोंगरापुढे खडा. पण त्यांनी काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं.

हस्तांदोलनाला एवढं महत्त्व कशाला?

आवाज बंद करून टीव्ही बघणाऱ्यालाही ते कळतं म्हणून. १४ जानेवारी २०२० ला दे मॉइन इथली डिबेट संपल्यावर एलिझाबेथ वॉरेन यांनी बर्नी सँडर्स यांचा पुढे आलेला हात घेतला नाही. ‘तुम्ही मला राष्ट्रीय टीव्हीवर खोटारडी ठरवलंत’, असं त्या म्हणाल्या. दोघांच्या मध्ये आणखी एक उमेदवार टॉम स्टायर उभे होते, आणि त्यांना त्या क्षणी सुचलं ते एवढंच: मला फक्त बर्नींना नमस्कार करायचा होता. शब्द दुसऱ्या दिवशी ध्वनिफितीतून बाहेर आले, पण न घेतलेला हात त्याच रात्री सगळ्यांनी पाहिला होता. वर्षानुवर्षांचे दोन सहकारी, धोरणं जवळपास सारखी, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हात.

पक्षसंघटनेने काय करावं?

पंच व्हावं, आणि पंचासारखं दिसावंही. २०१६ च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयातले ईमेल फुटले. त्यात सँडर्स यांच्याबद्दल अधिकाऱ्यांनी काढलेले शेलके उद्गार होते. पक्षाच्या अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना अधिवेशनाच्या तोंडावर पद सोडावं लागलं. सँडर्स यांनी तोवर क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता आणि पुढे तो निभावलाही, पण फिलाडेल्फियाच्या सभागृहात त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच ओरडत होते. पंचाने दगा दिला असं वाटलं की खेळाडूंनी एकमेकांना कितीही मिठ्या मारल्या तरी प्रेक्षक उठून जातात.

शपथा लिहून घेण्याचा मार्ग रिपब्लिकन पक्षाने २०१५ आणि २०२३ मध्ये वापरून पाहिला: जो जिंकेल त्याला पाठिंबा देईन. पहिल्या वेळी ट्रम्प यांनी सही केली आणि पुढे तिला जुमानलं नाही. दुसऱ्या वेळी सहीच केली नाही, डिबेटलाही गेले नाहीत, उमेदवारी मिळवली. कागदावरच्या निष्ठेचं वजन तेवढंच.

प्रायमरी हरल्यावर अपक्ष उभं राहता येतं का?

बहुतेक राज्यांत नाही, तसे कायदेच आहेत. काही राज्यांत वाट मोकळी आहे. कनेक्टिकटमध्ये २००६ साली जो लीबरमन प्रायमरीत नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, बंडखोरी केली आणि नोव्हेंबरात जिंकलेसुद्धा. न्यूयॉर्कमध्ये २०२५ ला कुओमो यांनी तेच केलं आणि पुन्हा हरले.

नेत्यांचं जुळतं, कार्यकर्त्यांचं जुळत नाही. त्यांनी काय करावं?

नेत्याला पद मिळतं, कार्यकर्त्याला मिळतो तो शेजाऱ्याशी आलेला अबोला. म्हणून त्याने लढत चालू असतानाच हात राखावा. प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकाला मूर्ख, विकला गेलेला, फितूर म्हणू नये. निकालानंतर जिंकलेल्या बाजूने आठवडाभर तरी मिरवू नये, आणि ‘आता तरी या’ असं हुकमाने बोलावू नये. हरलेल्याला रुसायला चार दिवस द्यावेत. मग त्याच्याकडे जावं, आणि काहीतरी खरं काम द्यावं.

एकदा तुटलं की कायमचं तुटतं का?

१९१२ ची गोष्ट सांगतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी आपला जिवलग मित्र आणि आपल्याच मंत्रिमंडळातला माणूस म्हणून विल्यम टाफ्ट यांना १९०८ मध्ये अध्यक्षपदावर बसवलं होतं. चार वर्षांनी तेच टाफ्ट यांच्याविरुद्ध उभे राहिले. अध्यक्षपदासाठी प्रायमरीला खरी धार आली ती त्याच वर्षी. रूझवेल्ट टाफ्ट यांना मठ्ठ डोक्याचा म्हणाले. टाफ्ट म्हणाले, कोपऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा लढतो. एप्रिलमध्ये बोस्टनला रूझवेल्ट यांच्यावर टीकेचं भाषण करून टाफ्ट आपल्या आगगाडीच्या डब्यात परतले. एक वार्ताहर आत आला तेव्हा ते डोकं हातात धरून बसले होते. ‘रूझवेल्ट माझा सर्वांत जवळचा मित्र होता’, एवढं बोलले आणि रडू लागले.

उमेदवारी टाफ्ट यांना मिळाली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभे राहिले. दोघांची मतं मिळून निम्म्यापेक्षा जास्त होती, पण निवडून आले डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन. अध्यक्ष ज्यांच्यावर ठरतो त्या राज्यांच्या ५३१ निर्वाचक मतांपैकी टाफ्ट यांना ८ मिळाली.

मे १९१८ मध्ये टाफ्ट शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात उतरले. रूझवेल्ट खाली भोजनगृहात एकटेच जेवत आहेत असं त्यांना कळलं. ते थेट खाली गेले, टेबलं ओलांडत त्यांच्यापाशी पोचले. रूझवेल्ट ताटावरून उठले आणि त्यांनी हात पुढे केला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक टाळ्या वाजवू लागले. दोघे अर्धा तास बोलत बसले.

आठ महिन्यांनी, जानेवारी १९१९ मध्ये, रूझवेल्ट गेले. ऑयस्टर बेच्या दफनभूमीतून बाकी मंडळी परतू लागल्यावरही टाफ्ट कबरीपाशी थांबले होते, रडत.